भिडेपोटी केलेली सही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकातील वाचकांच्या पत्रांत अलीकडे एका गृहस्थांनी अशी खंत व्यक्त केली होती की, पूर्वी घरात कुणावर प्रसंग ओढवला की चार नातेवाईक न मागता कनवटीला हात घालत, आता मात्र सख्खा भाऊ भावाला दहा-वीस हजार रुपये हातउसने द्यायलाही तयार होत नाही आणि यावरून समाजातील माणुसकी आटत चालली आहे हे उघड दिसते. त्यांची कळकळ खरी आहे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तरीही त्यांच्या निष्कर्षाशी मला सहमत होता येत नाही, आणि का होता येत नाही हे सविस्तर सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी पगारदार नोकरांच्या सहकारी पतसंस्थेत मी १९८५ साली लिपिक म्हणून रुजू झाले आणि २०१७ साली सचिव म्हणून निवृत्त झाले. या ३२ वर्षांत पैसे द्यायला किंवा जामीन राहायला नकार दिल्यामुळे दुरावलेली नाती मी पाहिली नाहीत असे नाही, परंतु ती बोटांवर मोजता येतील इतकीच होती आणि त्यांतली बरीचशी काही काळाने पुन्हा सांधली गेली. मनात नसताना, परिणामांचा विचार न करता, केवळ समोरच्याला वाईट वाटेल म्हणून "हो" म्हटल्यामुळे जी नाती तुटली, त्यांची गणती मात्र मला करता येणार नाही. "भीड भिकेची बहीण" ही म्हण आमच्या कार्यालयातील कपाटांत फायलीच्या रूपाने रचून ठेवलेली होती, असे मी म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

पगारदारांच्या पतसंस्थेचे कामकाज ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, एस.टी.चे कर्मचारी असे सभासद दरमहा ठरावीक वर्गणी भरतात, त्या प्रमाणात त्यांना कर्ज मिळते, कर्जाला दोन सभासद जामीनदार लागतात आणि हप्ता पगारातून परस्पर कापून घेतला जातो. परस्पर कपात होत असल्यामुळे जामीन राहणे ही केवळ औपचारिकता आहे असा समज सर्वत्र पसरलेला आहे. कर्जदार बहुधा पगाराच्या आठवड्यात आपल्या सहकाऱ्याला किंवा पाहुण्याला सोबत घेऊन यायचा, वाटेत चहा झालेला असायचा, आणि मी अर्ज पुढे सरकवला की तोच पान उलटून फुलीच्या जागी बोट ठेवायचा. जामीनदार एवढेच विचारायचा, "कुठे करू?" ज्या ओळीत थकबाकीची सर्व जबाबदारी आपण वैयक्तिकरीत्या स्वीकारत असल्याचे लिहिलेले असे, ती ओळ पुष्कळदा नेमकी त्या बोटाखाली झाकली जायची. सही व्हायची, पेनाला टोपण लागायचे आणि दोघे बाहेर पडायचे. या सगळ्याला दोन मिनिटेही लागत नसत.

भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे आणि त्याच्या १२८ व्या कलमाप्रमाणे, करारात वेगळे काही ठरलेले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराच्या जबाबदारीइतकीच असते. "आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या" असे जामीनदाराला म्हणता येत नाही. बँक ऑफ बिहारच्या जुन्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच सांगितले आहे की, धनकोने आधी मूळ कर्जदाराच्या मागे लागून दमावे आणि नंतर जामीनदाराकडे वळावे असे म्हटले, तर हमी घेण्याचा हेतूच संपतो. सहकारी संस्थेच्या बाबतीत तर दिवाणी दावाही लागत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या १०१ व्या कलमाखाली वसुलीचा दाखला मिळतो आणि त्यात कर्जदाराबरोबर दोन्ही जामीनदारांचीही नावे असतात. वसुली अधिकारी ज्याचा पगार चालू आहे त्याच्याकडेच आधी जातो, कारण तिथून पैसे येतात. बँकेच्या कर्जाला जामीन राहिल्यास ते कर्ज आपल्याही पत-अहवालात नोंदले जाते आणि दुसऱ्याचा हप्ता थकल्याचा डाग आपल्या सिबिलवर उमटतो, हे तर आजही कितीतरी सुशिक्षित लोकांना स्वतःच्या घरकर्जाचा अर्ज नामंजूर होईपर्यंत कळत नाही.

आमच्या एका सभासदाने आपल्या साडूंना सही दिली होती. साडूंनी पुढे नोकरीवर जाणेच सोडले, पगार बंद झाला, आणि कपात या सभासदाच्या पगारातून सुरू झाली. त्यांच्या पत्नी दर महिन्याला आमच्या कार्यालयात येऊन, खिडकीशी उभ्या राहून, हलक्या आवाजात एकच प्रश्न विचारीत: "अजून किती राहिले?" मी खातेउतारा पाहून आकडा सांगत असे आणि त्या तो पदरात गाठ मारून ठेवल्यासारखा मनात घेऊन जात. कर्जदाराची पत्नी ही त्यांची सख्खी धाकटी बहीण होती. आईच्या वर्षश्राद्धाला दोघी एकाच स्वयंपाकघरात होत्या, एकीने वडे तळले, दुसरीने खीर केली, आणि दिवसभरात दोघींमध्ये एकही शब्द झाला नाही, असे त्यांनीच मला एकदा सांगितले. कायद्याने भरलेली रक्कम मूळ कर्जदाराकडून वसूल करण्याचा हक्क जामीनदाराला आहे. परंतु तो हक्क बजावायचा म्हणजे बायकोच्या बहिणीच्या घरावर कोर्टाचा बेलिफ पाठवायचा, आणि ते करायला जो माणूस धजावत नाही त्यालाच मुळात सहीला "नाही" म्हणता आलेले नसते.

इतरांचे सांगितले, आता स्वतःचे सांगते, कारण ते लपवून हे पत्र लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

मला सख्खा भाऊ नाही. एक चुलतभाऊ दरवर्षी भाऊबीजेला येत असे आणि आम्ही दोघांनीही ते नाते सख्ख्यासारखे जपले होते. १९९७ साली त्याला मालवाहतुकीसाठी जुना टेम्पो घ्यायचा होता आणि ४५ हजार रुपये कमी पडत होते. माझ्या मुलीच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून मी ते दिले. दिवसभर लोकांकडून वचनचिठ्ठ्या लिहून घेणारी मी, त्याच्याकडून मात्र साधी चिठ्ठीही घेतली नाही, कारण भावाकडे कागद मागणे मला अविश्वासाचे वाटले. टेम्पोचा धंदा चालला नाही. इंजिनाचे काम निघाले, भाडी मिळेनात, आणि त्याने मुद्दाम बुडवले असे मी आजही म्हणणार नाही. मी पैशांची आठवण कधीच केली नाही आणि त्यानेही विषय कधी काढला नाही. हे मौन आम्ही दोघेही मोठेपणा समजत होतो.

तो दरवर्षी ओवाळणीत ५१ रुपये घालीत असे. १९९९ च्या भाऊबीजेला त्याने ताटात ५०१ रुपये ठेवले. निरांजनाच्या उजेडात पाचशेची ती नोट आणि तिच्यावरचे एक रुपयाचे नाणे मला आजही जसेच्या तसे दिसते. ओवाळून झाल्यावर मी ताट खाली ठेवले, आणि त्या क्षणी माझ्या मनात एक विचार येऊन गेला की, हे पाचशे ओवाळणीत धरायचे की परतफेडीत. विचार आला तेव्हा माझी नजर त्या नोटेवर होती, आणि मी मान वर केली तेव्हा त्याची नजर माझ्यावर होती. त्याला काय कळायचे ते कळले. पुढच्या वर्षी त्याने मुलाच्या हाती साडी पाठवली आणि त्याच्या पुढच्या वर्षी तेही आले नाही. २०१२ साली तो गेला. दहाव्याच्या दिवशी वहिनीने मला बाजूला घेतले, आणि इतक्या वर्षांनी आम्ही दोघी समोरासमोर आल्यावर तिच्या तोंडून निघालेले पहिले वाक्य असे होते: "ताई, तुमचे पैसे द्यायचे राहिले हे त्यांच्या मनात शेवटपर्यंत होते." ज्या घरात मी सांत्वनाला गेले होते, त्या घरात मी सावकार म्हणून ओळखली जात होते. ४५ हजारांचे दुःख मला फार काळ वाटले नाही. मुलीचे शिक्षण इतर मार्गाने झाले. माझा भाऊ मात्र मी १९९७ सालीच घालवला होता, आणि त्याच दिवशी मी त्याला "एवढे पैसे मला देता येणार नाहीत" असे म्हटले असते, तर तो कदाचित रागावला असता, परंतु त्या रागाला मुदत असती.

याच संदर्भात एक गोष्ट मला नेहमी जाणवत आली आहे. आपल्याकडे लग्नात आहेराची वही असते. मांडवात एक विश्वासू माणूस वही-पेन घेऊन बसतो आणि कुणी किती रुपये दिले, कुणी कोणते भांडे आणले, हे नावागावासह लिहून ठेवतो. पुढे त्या घरी कार्य निघाले की वही काढून पाहिली जाते आणि तेवढाच किंवा थोडा अधिक आहेर केला जातो. शंभर रुपयांचा आहेर लिहून ठेवला म्हणून कुणाचा अपमान झाल्याचे मी ऐकलेले नाही. मग दोन लाख रुपये उसने देताना चार ओळी लिहून घेतल्या, तर तो अपमान कसा ठरतो? लिहिण्याची सवय आपल्यात होती आणि आहे. लाज वाटते ती फक्त परतीची तारीख उच्चारण्याची. ज्या व्यवहारात परतीची तारीख उच्चारताही येत नाही, तो व्यवहार त्या दोन माणसांमध्ये होऊच नये, असे माझे मत या अनुभवांतून बनलेले आहे.

ज्यांना द्यायचेच आहे त्यांनी किमान इतके लक्षात ठेवावे. उसन्या पैशांच्या वसुलीचा दावा करण्याची मुदत साधारणतः पैसे दिल्यापासून तीन वर्षे असते. या मुदतीत ऋणकोने कर्ज लेखी मान्य केले, किंवा काही रक्कम परत केल्याचा त्याच्या हातचा लेखी पुरावा असला, तर ती मुदत नव्याने मोजली जाते. २० हजार रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने कर्जाऊ घेण्यास आयकर कायद्याचा प्रतिबंध आहे, तेव्हा मोठी रक्कम बँकेमार्फतच जावी. आणि जामीनकी म्हणून कुणाला कोरा धनादेश सही करून देऊ नये, मग तो कितीही जवळचा असो. माझ्या भावाच्या बाबतीत तीन वर्षे उलटली तो दिवस मला टेबलावरच्या दिनदर्शिकेत दिसत होता आणि मी तो जाऊ दिला.

आता नकाराविषयी. २०१० साली माझ्या बहिणीचा मुलगा एका बँकेच्या तीन लाखांच्या कर्जाला माझी सही मागायला आला. त्याला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानासाठी गाळा घ्यायचा होता आणि मालक डिपॉझिट मागत होता. या वेळी मी त्याला "बघू", "विचार करून सांगते", "यांना विचारते" असे काहीही म्हटले नाही. त्याने अर्ज पिशवीतून काढला तेव्हाच मी सांगितले की, मी कुणालाही जामीन राहत नाही, तुलाही राहणार नाही, आणि याचे कारण तू नसून माझा स्वतःचा अनुभव आहे. त्यानंतर मी त्याला जेवायला बसवले आणि जेवण झाल्यावर दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूला त्याची सगळी देणी लिहून काढली. तेव्हा कळले की, डिपॉझिटसाठी एक लाख पुरत होते आणि उरलेले दोन लाख त्याला दोन खाजगी सावकारांची आधीची देणी भागवण्यासाठी हवे होते, ज्याची त्याने घरी वाच्यता केली नव्हती. बहिणीच्या विमा पॉलिसीवर आणि बांगड्यांवर बँकेतून रीतसर कर्ज काढता येईल आणि आधी ते सावकार मिटवावेत, असे मी त्याला सुचवले. निघताना दहा हजार रुपये दिले आणि ते परत करायचे नाहीत असे दोनदा बजावले.

त्याला हे आवडले नाही. "मावशी, जगाला कर्जे वाटतेस आणि मला एक सही देत नाहीस," असे तो उंबऱ्यावर उभा राहून म्हणाला. त्याच्या साखरपुड्याचे निमंत्रण आम्हाला आले नाही आणि बहीण जवळजवळ वर्षभर फोनवर तुटक बोलत राहिली. ते वर्ष मला जड गेले. पुढे त्याच्या पत्नीच्या बाळंतपणात रात्री दोन वाजता अडचण उभी राहिली, तेव्हा त्याने फोन मला केला. मी पंधरा हजार रुपये घेऊन रुग्णालयात गेले आणि त्या पैशांचा हिशेब आम्ही दोघांनीही ठेवला नाही. तो आता सणावाराला येतो. पूर्वीसारखा थट्टामस्करी करीत नाही, हेही खरे आहे. पण तो येतो.

या दोन प्रसंगांतला फरक जर त्या पत्रलेखकांनी लक्षात घेतला, तर नकार आणि माणुसकीचा अभाव या एकच गोष्टी नाहीत हे त्यांनाही पटेल, अशी मला आशा आहे. आजारपण, अपघात, बाळंतपण, अवकाळीने गेलेले पीक, घरातला मृत्यू, अशा प्रसंगी जवळच्या माणसाने मागितले तर द्यावे, आणि शक्य असेल तेवढे देणगी म्हणूनच द्यावे, परत मिळेल अशी आशा धरू नये. पेरणीच्या तोंडावर शेजाऱ्याने शेजाऱ्याला बियाण्यापुरते पैसे देणे आणि ते सुगीला परत येणे, ही आमच्या भागातली चांगली रीत आहे आणि ती टिकावी असेच मला वाटते, कारण तिथे रक्कम लहान असते आणि परतीची वेळ पिकाबरोबर ठरलेली असते. परंतु वाढत्या खर्चाचे लग्न, ऐपतीबाहेरची गाडी, शेअर बाजारातले नुकसान, किंवा एक कर्ज फेडण्यासाठी दुसरे कर्ज, यांसाठी नातेवाइकाच्या आयुष्यभराच्या बचतीवर हक्क सांगणे आणि ती न दिल्यास त्याला माणुसकीशून्य ठरवणे, हा अन्याय आहे.

हा अन्याय सर्वांत जास्त कुणावर होत असेल तर तो नुकत्याच निवृत्त झालेल्या माणसावर. निरोपसमारंभातली शाल अजून घडीतून उलगडलेली नसते, तोच विचारणा सुरू होते. भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, अर्जित रजेचे रोखीकरण यांचा आकडा पाहुण्यांनी आधीच मांडलेला असतो, आणि खात्यात एकदम आलेली ती रक्कम त्यांना जादा पैसे वाटते. ती जादा नसते. ३० वर्षांच्या नोकरीतून उरलेली आणि पुढील वीस-पंचवीस वर्षे पुरवायची ती शिदोरी असते. विशेषतः ज्यांना जुन्या पद्धतीचे निवृत्तिवेतन नाही, खाजगी कारखान्यात किंवा पतसंस्थेत ज्यांची नोकरी गेली, त्यांचे तर त्या व्याजावरच घर चालायचे असते. मी त्यांतलीच एक आहे. अशा वेळी पुष्कळ लोक नकार देण्यासाठी खोटे सांगतात: पैसे अजून मिळालेच नाहीत, मुलाच्या फ्लॅटमध्ये गुंतवले, यांच्या ऑपरेशनला लागले. माझा अनुभव असा की, खोटी सबब महिन्याभरात उघडी पडते आणि मग नकारापेक्षा त्या खोटेपणाचाच राग समोरच्याच्या मनात घर करतो. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत पूर्वी १५ लाखांपर्यंत पैसे ठेवता येत, ती मर्यादा एप्रिल २०२३ पासून ३० लाख झाली आहे. पाच वर्षांची मुदत असते, व्याज दर तिमाहीला मिळते आणि मुदतीआधी खाते मोडल्यास रक्कम कापली जाते. निवृत्तीचे पैसे हाती येताच पहिल्याच पंधरवड्यात तिथे ठेवावेत आणि विचारणाऱ्याला जे खरे आहे तेच सांगावे: हे माझे निवृत्तिवेतन आहे आणि मी ते मोडणार नाही.

स्त्रियांच्या बाबतीत ही अडचण आणखी कठीण असते, कारण तिच्याकडे मागणी पुष्कळदा थेट येतही नाही. दीर मागतात, नवरा होकार देऊन येतो आणि कपाटातून बांगड्या काढून द्यायचे तेवढे तिच्याकडे उरते. तरीही याच स्त्रीला मी बचत गटाच्या बैठकीत ठामपणे नाही म्हणताना पाहिले आहे. गटात दहा-पंधरा जणी वर्तुळ करून बसतात, वही मध्ये असते, कुणाला किती कर्ज हवे आणि कशासाठी हे तिने सर्वांसमोर सांगायचे असते, मागचा हप्ता थकला असेल तर तेही मोठ्याने वाचले जाते. सख्ख्या जावेचा मागचा हप्ता बाकी असेल तर दुसरी जाऊ तिथे शांतपणे म्हणते, "आधीचे भर, मग पुढचे बघू." घरी हेच वाक्य उच्चारणे तिला जन्मात जमले नसते. तिथे ते जमते, कारण नियम आधीच ठरलेला आहे, तो सर्वांना लागू आहे आणि नकार देणारी ती एकटी नाही. घरातही असा नियम आधीच बोलून ठेवता येतो. आमच्या घरी मी आणि यजमानांनी २०००च्या सुमारास ठरवले की, जामीनकी कुणालाही नाही आणि ठरावीक रकमेपुढे हातउसने कुणालाही नाही, आणि हे आम्ही कुणी मागायला येण्याच्या आधी, सणावाराच्या गप्पांत, दोन्हीकडच्या माणसांना सांगून टाकले. त्यानंतर मागायला येणाऱ्यांची संख्याच कमी झाली, आणि जे आले त्यांना आपल्याला एकट्याला डावलले असे वाटले नाही.

शेवटी माझ्या पूर्वीच्या क्षेत्रातील मंडळींना एक विनंती या पत्राद्वारे करावीशी वाटते. पतसंस्थांनी आणि सहकारी बँकांनी जामीनदाराला कर्जदाराच्या शेजारी बसवून सही घेऊ नये. मी सचिव झाल्यानंतर आमच्या कार्यालयात एक प्रघात पाडला होता. जामीनदाराला एकट्याला आतल्या खोलीत बोलवायचे, हमीचा मजकूर त्याला मराठीत मोठ्याने वाचून दाखवायचा, थकबाकी झाल्यास दरमहा किती रुपये त्याच्या पगारातून जातील तो आकडा कागदावर लिहून त्याच्यापुढे ठेवायचा, आणि सहीसाठी दुसऱ्या दिवशी या असे सांगायचे. संचालक मंडळातील काहींना हे रुचले नाही, कारण त्यामुळे कर्जवाटप मंदावते असे त्यांचे म्हणणे होते. बहुतेक लोक दुसऱ्या दिवशी येऊन समजून-उमजून सही करीत आणि त्यांच्या सह्यांबद्दल पुढे फारशा तक्रारी आल्या नाहीत. काही जण मात्र तो आकडा पाहून बराच वेळ गप्प बसत. एका वयस्क शिक्षकांनी पेन टेबलावर ठेवले आणि मला विचारले, "बाई, मी नाही म्हणालो असे त्याला तुम्हीच सांगाल का?" मी सांगितले की, ते त्यांनाच सांगावे लागेल, परंतु हवे असल्यास मी शेजारी उभी राहते. ते उठले, बाहेरच्या बाकावर बसलेल्या आपल्या पुतण्याजवळ गेले, आणि मी दारात उभी असताना त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी त्याला नाही म्हणून सांगितले.

आपली विश्वासू,
एक निवृत्त पतसंस्था सचिव,
जि. सातारा